क्यानडाचं लायसन आन् माझी झूल

"वाल्मीकला लायसन मिळालं तर येत्या पोळ्याला मी बैल होतो," भरल्या हाटेलात मी म्हनलो. "झूल माझ्या पाठीवर, घुंगरमाळ माझ्या गळ्यात, कासरा तुझ्या हातात. आन् न्हाई मिळालं तर बैल तू."

माणिकराव बशीतला चहा फुरकत व्हता. "मंजूर," म्हनला. "शिंगं मातर तुझी तू आन."

पिंगळीच्या टेसनाबाहेर माझं पंक्चरचं दुकान. भिंतीला भिंत लावून माणिकरावाचं घर. त्याचा वाल्मीक औरंगाबादची इंजिनेरची डिग्री घेऊन चार साल इथंच पाटाच्या कामावर व्हता, मग क्यानडाला गेला. तिकडं पाच साल झाले तरी पोरगं दुसऱ्याच्या हाताखाली नकाशेच काढायलंय. पूल ह्यानं मांडायचा, सही दुसऱ्यानं ठोकायची. सही करायला तिकडं लायसन लागतंय, आन् भाईरच्या डिग्रीवाल्याला ते सहजासहजी देत न्हाईत. पोरानं तिकडच्या परीक्षा बी दिल्या, पास झाला. राह्यले दोन कागद. एक विद्यापीठातून मार्कांचा, दुसरा इथं ज्या साहेबाच्या हाताखाली काम केलं त्याची चिठ्ठी. जून सरायच्या आत पोचले न्हाईत तर फाईल बंद. पुन्ना समदं पैल्यापासून.

पैल्या कागदातच माणिकरावाचा जीव अर्धा झाला. कागद मागवले त्याच साली संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं व्हतं. डिग्रीवर जुनं, नव्या कागदावर नवं. "गोरे म्हनतील ही दोन वायली विद्यापीठं," असं म्हनून ह्यो रातदिस घोर करायला.

मी म्हनलो, "तुझी पार्वती माहेरी चंद्रकला व्हती न्हवं? लग्नात नाव बदललं म्हनून बाई बदलली का?"

विद्यापीठानं एकाच कागदावर दोन्ही नावं लिहून, शिक्का मारून धाडलं. ते निभावलं.

अडलं चिठ्ठीपाशी. वाल्मीकचे साहेब म्हंजी कुंटूरकर, आता रिटायर होऊन परभणीत राहात्यात. त्यांनी आपल्या दस्तुरापरमानं लिहून दिलं व्हतं: सदर इसम सालस, आज्ञाधारक, निर्व्यसनी, चांगल्या घराण्यातला असून त्याची वर्तणूक चांगली आहे. आपल्याकडं हेडमास्तर, सरपंच, समदे हेच लिव्हतेत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर बी हेच हाय, आन् मास्तरनं मला शाळेतून हाकलून दिलं व्हतं.

क्यानडावाल्यानी ती चिठ्ठी वापस केली. वाल्मीकनं कळवलं, "बाबा, हे लोक म्हनतेत, घराणं घेऊन काय करू? ह्यानं काय काम केलं ते लिव्हा. कुनी दबाव आनला तवा कसा वागला, त्याचा एक तरी खरा परसंग लिव्हा."

मे महिना अर्धा सरला व्हता. आमी दोघं पॅसेंजरनं परभणीला गेलो. कुंटूरकरांनी कागद वाचला, चष्मा काढला आन् माणिकरावाकडं बघितलं.

"असा प्रसंग मला एकच माहीत आहे. लिहू?"

माणिकराव पायातल्या वहानांकडं बघायला लागला. "दुसरा न्हाई का, साहेब?"

"नाही."

"कोनता परसंग?" मी इचारलं. येताना गाडीत मी चार बार खोदून बघितलं, तर ह्यो खिडकीतून तारंचे खांब मोजायला.

तीन दिस गेले. ह्यो परभणीचं नाव काढंना. चौथ्या दिसी मी शिंप्याचा टेप घेऊन त्याच्या ओट्यावर गेलो आन् मागून त्याची पाठ मोजायला लागलो.

"काय करायलास रे लिंब्या?"

"झुलीचं माप घ्यायलोय. चिठ्ठी न्हाई तर लायसन न्हाई, लायसन न्हाई तर बैल तू. वैनी, ह्याच्या शिंगाला हिंगूळ लावू का बेगड?"

पार्वतीबाई आतून हसल्या. माणिकराव मातर हसला न्हाई. टेप हिसकून अंगणात फेकला.

"तुला म्हाईत तरी हाय का मी काय करून बसलोय? पाटाच्या चारीचं तोंड म्या माझ्या मळ्यापाशी काढ म्हनलो व्हतो. पोरगं कामावर, बाप म्हनून माझा हक! तर मला म्हनतं, बाबा, तोंड तिथं काढलं तर खालच्या बारा जनाला पानी पोचायचं न्हाई. म्या त्याला घराबाहेर काढलं. सालभर बोललो न्हाई. आन् गावाला सांगितलं की साहेबानंच आडवलं. आठ साल झाले, त्या मानसाला शिव्या द्यायलोय. आता त्याच्याच हातानं हे लिहून घेऊ?"

मी ओट्यावर बसलो. त्या बारा जनातला शेवटचा मीच. माझं दीड एकर त्या चारीच्या टोकाला हाय. दरसाली तिथला गहू खायलोय, आन् साहेबाला शिव्या देताना ह्याच्या सुरात सूर मिळवायलोय! आयुष्यात पैल्यांदा मला मस्करी सुचंना.

"गावात माझी इज्जत काय राहील?" माणिकराव म्हनला.

पार्वतीबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. "इज्जत पोरानं राखली की आठ सालामागंच. तुमी नुसतं व्हय म्हना."

दुसऱ्या दिसी पैल्या गाडीनं आमी परभणीला. माणिकराव दारातूनच बोलला, "साहेब, म्या तुमाला लय शिव्या दिल्या."

"ऐकल्यात," साहेब म्हनले. "काही तर मला नवीनच होत्या. बसा."

साहेबांनी इंग्रजीतून टाइप केलं आन् मराठीतून वाचून दाखवलं. एका जागी थांबले. "इथं 'एका नातेवाइकाने' असं घालू का?"

"बापानं, असं घाला," माणिकराव म्हनला. "नावगाव समदं घाला."

पाकीट साहेबांनी सोता बंद केलं, सोता पोस्टात टाकलं. तसाच नियम व्हता. आमच्या हातात दिलं न्हाई. माझ्या हातात तर मुळीच न्हाई.

मंग वाट बघनं. जून गेला, आखाड गेला. माणिकराव पोस्टमनला एवढं पानी पाजायला की त्यो बिचारा गल्ली बदलून जायला लागला.

आन् श्रावणात एक दिस आश्रुबाच्या एसटीडीवर फोन आला. मी काचंला कान लावून. माणिकरावानं फोन धरला, "हां," म्हनला, मंग पुन्ना "हां," आन् खुर्ची सोडून खाली फरशीवरच बसला. मला वाटलं, गेलं लायसन! मी दार ढकललं. आतून वाल्मीकचा आवाज मला बी आयकू आला:

"मुलाखतीत तेच इचारलं, बाबा. चिठ्ठीतलं खरं हाय का म्हनले. तुमी ते लिव्हू दिलं?"

माणिकरावानं उपरण्यानं तोंड पुसलं. "ते राहू दे. तिकडं पाऊसपानी कसं हाय?"

फोन ठेवल्यावर मला म्हनला, "लिंब्या, मिळालं लायसन. आज झोप लागती बघ." आन् लागली बी. भिंतीच्या ह्या बाजूला मला रातभर घोरनं आयकू आलं, पर मी भिंतीवर एक धपका सुदिक मारला न्हाई.

पोळ्याच्या आदल्या सांजंला माणिकराव माझ्या दुकानात आला. हातात लोनी आन् हळद. चार गिऱ्हाइकांसमोर माझा सदरा उतरवला, बैलाचे मळतेत तसे माझे खांदे मळले आन् कानात म्हनला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिसी आख्खी पिंगळी वेशीत. पाठीवर भिंगाची झूल, गळ्यात घुंगरमाळ, डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं, त्यावर बेगड. माझ्या मागं सिताराम पाटलाचा खिल्लारी व्हता, त्यो सारखा माझी झूल हुंगायला. लेकरं, म्हाताऱ्या, समदे पोट धरून हसायले.

तोरणाखाली माणिकरावानं कासरा आवळला. मी थांबलो.

"आयका रे," त्यो मोठ्यांदा बोलला. "चारी साहेबानं आडवली नव्हती. पानी म्या पळवीत व्हतो. माझ्या पोरानं मला आडवलं."

हसनं थांबलं. मला लय वंगाळ वाटलं. गडी एकटा उभा. म्हनून मी मान वर केली आन् हंबरलो. असा हंबरलो की मागच्या खिल्लाऱ्यानं बी जवाब दिला. गाव पुन्ना खदखदलं. खालच्या चारीची दगडाबाई पदर तोंडाला लावून म्हनली, "बरं झालं बाई, पानी बी मिळालं आन् बैल बी."

पार्वतीबाई सूप घेऊन आल्या. माझ्या पायावर पानी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरनपोळी तोंडापुढं धरली. मी दोन घासात संपवली आन् दुसरीसाठी सुपात तोंड घातलं.

"बैलाला एकच असती," माणिकराव म्हनला.

"खांदे मळून आवतन दिलंस न्हवं?" मी म्हनलो. "मंग पोट भरोस्तर वाढ."

तीन खाल्ल्या. मंग त्यानं कासरा सैल सोडला, पाठीवर थाप मारली आन् समद्या गावासमोर मला मारुतीला पाच फेरे घालायला घेऊन गेला.