औषधांच्या खिडकीतली न चमकणारी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. दवाखान्यात औषधांच्या खिडकीत मी उभी असते. आता उभं राहायचाही कंटाळा आला आहे, पण काचेला बसता थोडंच येतं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग तुम्ही पाहिला असेल. त्याच्या डोळ्यांवर अतिशय बारीक, नुसत्या नजरेला न दिसणारे उंचवटे असतात. त्यांमुळे उजेड परत न उसळता आत शिरतो, डोळा चमकत नाही आणि शत्रूला पतंगाचा पत्ता लागत नाही. तसलेच उंचवटे कारागिरांनी माझ्या दोन्ही अंगांवर उठवले. मग मी आहे हेच कुणाला कळेना. कितीतरी नाकं माझ्यावर आपटली आणि बोलणी मात्र मी खाल्ली.

माझं कौतुक एकाच माणसाने केलं. ते घड्याळजी आजोबा. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखतात. आजारी आजींची औषधं न्यायला ते येत. माझ्याआधीच्या काचेत त्यांना दिवा आणि स्वतःच्या मिशा एवढंच दिसे. मी आले त्या दिवशी ते आतल्या औषधवाल्या ताईंना म्हणाले, "आज तुमचं सगळं बोलणं दिसलं बघा!" माझा ऊर भरून आला.

पण सफाईवाले मामा हात धुऊन माझ्या मागे लागले. माणूस मनाने चांगला, पण चमक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नाकांचे आणि श्वासांचे डाग पडत ते नेमके तोंडाच्या उंचीवर. तिथेच भांडी घासायची पूड लावून ते मला खसाखसा घासत. वर्षानुवर्षं घासलं. माझे उंचवटे झिजले आणि तेवढ्या भागात मी लखलखू लागले.

परवा ताईंनी आजोबांना विचारलं, "आजींना गोळी अर्धी देताय की पूर्ण?"

आजोबांनी नुसती मान डोलावली. माझ्यातल्या दिव्याच्या झगमगाटात त्यांना ओठ दिसलेच नव्हते. पण मागे रांग खोळंबली होती, पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटला. औषधांचं पाकीट उचलून ते निघाले. मित्रांनो, माझा जीव खालीवर झाला. काचेला ओरडता येत नाही.

ताई धावतच दाराबाहेर आल्या आणि आजोबांच्या समोर उभ्या राहिल्या. "अहो आजोबा, अर्धी की पूर्ण विचारलं, तर हो काय म्हणताय?"

"पूर्ण देतोय की. का?"

"गेल्या खेपेलाच अर्धी करायला सांगितलं होतं मी! जास्त झाली तर चक्कर येते त्यांना."

आजोबांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "तेव्हाही मी मानच डोलावली असणार," ते म्हणाले. "म्हणूनच ती चक्कर येऊन पडली."

ताईंनी आजोबा उभे राहतात त्या जागेवरून खिडकीकडे पाहिलं. त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. मामा शेजारीच होते. "मी तर आरशासारखी केली होती हो," म्हणत ते हातातला फडका चुरगाळत राहिले.

झिजलेले उंचवटे पुन्हा उगवत नाहीत. नवी काच येईल तेव्हा येईल. मी मात्र थकले आहे. पण खाली, औषधं सरकवायच्या फटीजवळ, माझा एक कोपरा मामांच्या तावडीतून सुटला होता. आता आजोबा आले की बाहेरून वाकतात, ताई आतून वाकतात आणि तिथून दोघं बोलतात. आज आजोबा म्हणाले, "अर्धीच देतोय. आता नाही पडत ती." मामा बाजूला त्या कोपऱ्याच्या राखणीला उभे होते.

मित्रांनो, मला मऊ ओल्या फडक्याने अलगद पुसा. मला चमकवू नका. माझा तेवढा एक कोपरा तरी कुणाला दिसू देऊ नका.