आभाराचा गुलाब

मावशींचं पाळणाघर दोन खोल्या आणि मागच्या परसात मावत नव्हतं, हे तिथली पोरं सोडून सगळ्यांना कळत होतं. गल्लीच्या टोकाला बंद पडलेला बॅटरीचा कारखाना होता. तिथली शिसं मुरलेली माती सरकारी निधीतून काढणार आणि जागा पाळणाघराला देणार, असं कानावर आलं तेव्हा मावशी हसल्या होत्या. आपल्या गल्लीसाठी कोण खिशात हात घालतंय!

पण यंत्रं आली. काळी माती झाकलेल्या ट्रकांतून गेली, स्वच्छ तांबूस माती आली. मालक घाण करून केव्हाच पसार झाला होता आणि निस्तरत होते कर भरणारे परके लोक. "ज्यांनी आपलं तोंड पाहिलं नाही, त्यांनी आपल्या पोरांसाठी पैसे दिले," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि सांगता सांगता डोळे पुसत.

आता शेवटची तपासणी तेवढी उरली होती. माती पास झाली की बांधकाम सुरू, नाहीतर निधी परत. तपासणारी इंजिनीअर बाई दिवसभर उकिडवी बसून डब्यांत माती भरायची, म्हणून गल्लीने तिला मातीबाई करून टाकलं होतं. ती कुणाचा चहासुद्धा घेत नसे. उपकार फेडायचे तरी कसे, या विचाराने मावशींना चैन पडेना.

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी परसातला गुलाब मातीच्या गड्ड्यासकट काढला आणि नव्या जागेच्या कुंपणाशी नेऊन लावला. तो त्यांच्या यजमानांनी लावलेला, ते कारखान्यात कामाला होते तेव्हाचा. रखवालदाराने अडवलं नाही; गुलाबाला कोण अडवणार? मावशींचं पाहून अख्खी गल्ली आपापल्या परसातली झाडं घेऊन आली. आभार मानायला कुणी मागे राहायला तयार नव्हतं.

काही दिवसांनी मातीबाई पाळणाघराच्या दारात आली, ती तोंड उतरवूनच.

"मावशी, कुंपणाकडची माती नापास झाली. शिसं आहे तिच्यात."

"अगं बाई! पण माती तर तुम्हीच आणलीत ना?"

"आमची चांगलीच आहे. झाडांच्या मुळाशी आहे ती वाईट. ती कुठली?"

"आमच्या परसांतली." मावशींची नजर मागच्या दाराकडे गेली. "कारखान्यातली राख कामगारांना फुकट मिळायची. हे हातगाडी भरभरून आणायचे. सगळ्यांनीच परसातले खड्डे बुजवले तिने."

तिकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. मावशी तशाच धावल्या, एकेकाला आत ओढून त्यांचे हात खसाखसा धुऊ लागल्या. "करायला गेले एक आणि झालं भलतंच! जागाही घालवली मी."

"जागा कुठे जात नाही," मातीबाई साबण पुढे करत म्हणाली. "झाडं आणि खालची माती काढली की परत तपासू, तेवढी मुदत मी मागून घेते. पण आमचं काम कुंपणापर्यंतच होतं. पलीकडची परसं तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही गुलाब लावला नसतात, तर ही पोरं याच मातीत खेळत राहिली असती."

पोरांचं रक्त तपासलं. काहींच्या रक्तात शिसं निघालं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं. मातीबाईने कार्यालयाचे उंबरे झिजवले आणि निधी परसांपर्यंत वाढवून आणला. गल्ली खणली गेली, पुन्हा भरली गेली.

नव्या जागेत पाळणाघर उघडलं त्या दिवशी मुळं धुतलेला गुलाब दाराशी उभा होता. मावशींनी मातीबाईचे दोन्ही हात धरले. "या खेपेला काही आणलं नाही हो. मी काही आणलं की तुमचं काम वाढतं."

"आज काम संपलंय," ती हसली. "आता चहा पाजा."

मावशी लगबगीने वळल्या, तोच एक चिमुरडी गुलाबाच्या आळ्यात फतकल मारून बसलेली दिसली, कोपरापर्यंत मातीत. सवयीने मावशी ओरडत धावल्या. तिच्यापाशी पोचल्या आणि थांबल्या.

"खेळ गं बाळा," त्या म्हणाल्या, "खेळ."