टेकायला जागा

सासूबाईंचा हट्ट म्हणजे हट्ट. थोरली बहीण चढाच्या टोकाला राहते, अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याकडे रोज दुपारी जायचं ते स्वतःच्या पायांनीच. गुडघ्यांनी असहकार पुकारला तरी! सुनेने रिक्षा सुचवली, मुलाने गाडी काढतो म्हटलं. दोघांना एकच उत्तर मिळालं, "मला कुणी पोहोचवायला नको. मला जायचंय."

अडचण एवढीच, की त्या अख्ख्या चढावर टेकायला बोटभर जागा नव्हती. सुनेने बाकासाठी वसाहतीच्या समितीकडे खेटे घातले. अध्यक्षांनी हात झटकले. बाक ठेवला की रिकामटेकडे बसतात, म्हणे! म्हातारी माणसं जणू उभ्यानेच शोभतात. सून धुसफुसत घरी आली. आता बहिणी-बहिणींची भेट कधीमधी, कुणाला सवड झाली तर, या विचाराने तिला भरून आलं.

सासूबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी चपला घातल्या. सून धास्तावून लपतछपत मागे. अर्ध्या चढावर धाप लागली, तशा त्या सरळ पुरुषांच्या सलूनमध्ये शिरल्या. तोंडाला साबण फासलेली गिऱ्हाइकं आरशातून बघतच राहिली. इथे बायकांचे केस कापत नाही, असं कारागीर चाचरत म्हणाला. केस राहू देत, खुर्ची हवी, असं सांगून बाई ऐसपैस बसल्या. दम खाल्ला, एकाचा डावा कल्ला वाकडा झालाय हे दाखवून दिलं आणि पुढे निघाल्या.

मग रोजचंच झालं. शेवटी कारागिराने हातांची उंच खुर्ची दारातच मांडली. ती पाहून वरच्या औषधवाल्याने एक ठेवली, शिंप्याने एक. समितीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. धन्य ती बाई! सुनेला सासूचा एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

एकदा ती उघडपणे सोबत गेली. वाटेतल्या प्रत्येक खुर्चीवर कुणी ना कुणी म्हातारं बसलेलं. सासूबाई प्रत्येकापाशी थांबायच्या, चौकशी करायच्या, तो उठला की त्या बसायच्या. वर पोहोचेपर्यंत चहाची वेळ टळून गेली.

थोरली रुसून बसली होती. एवढा उशीर कशाला, म्हणाली.

"वाटेत माणसं भेटली गं," सासूबाई तिच्या उशाशी टेकत म्हणाल्या. "मला वाटलं होतं, त्यातली निम्मी कधीच वारली."