मंगळवारपर्यंत आप्पांनी जेवायचं कुठे

आप्पांनी तीन दिवस केळी आणि दुधावर काढले, आणि चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, ट्रंक भरायला घेतली.

"उद्याच्या गाडीने मी वाईला चाललो."

"आणि मंगळवारचं ऑपरेशन?" श्यामसुंदर म्हणाला.

"डोळ्यांचं राहू दे. पोटाचं काय?"

आप्पा म्हणजे श्यामसुंदरचे वडील. वाईत जन्मभर भिक्षुकी केलेली. ऑपरेशनसाठी अंधेरीला मुलाकडे आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आता लांबवलंत तर उजवा डोळा गेलाच समजा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नेमकी श्यामसुंदरची बायको, उत्तरा, बाळंतपणाला माहेरी. श्यामसुंदरला चहापलीकडे काही येत नव्हतं. आप्पा स्वतःच भात करायला गेले, दिसेना, आणि दोन बोटं भाजून बसले. शेजाऱ्यांकडचं ते खाणार नाहीत. हॉटेलात तर जन्मात जेवलेले नाहीत.

श्यामसुंदर चाळीच्या जिन्यात दत्तारामला भेटला. हा गिरणीतला, मूळचा मालवणचा, आणि अंधेरीत कुठे काय मिळतं ते याला तोंडपाठ.

"स्टेशनासमोरचा इराणी?"

"अंडी असतात रे तिथे."

"गुजरात्याची खानावळ?"

"काल गेलो होतो. आप्पांनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? तो म्हणाला, तुम्ही जेवा ना काका, कोण करतं त्याचं काय! आप्पा पानावरून उठले."

दत्ताराम खो खो हसला. "अरे, बापाशीक माझ्याकडचो बांगडो घाल, डोळे आपसूक उघाडतले!" मग जरा गंभीर झाला. "पुलाजवळ उडप्याचं नवीन निघालंय. आचारी भट आहे म्हणे. बघ नेऊन."

कसंबसं समजावून श्यामसुंदरने आप्पांना तिथे नेलं. आप्पा दारातच अडले.

"आचारी कोण?"

"भट हाय, काका," गल्ल्यावरचा मालक म्हणाला. "उडुपीचा."

"मी बघतो," म्हणत आप्पा काठी टेकत, टेबलांना आपटत थेट स्वयंपाकघराकडे निघाले. श्यामसुंदर मागे धावला. दारात आचारी आडवा आला. उघडा, ओला पंचा, हातात पळी.

"अंदर नय आने का!"

"अहो, मी ब्राह्मण आहे."

"मालूम. रस्ते से आया ना? किसका किसका धक्का लगा? स्नान करके आओ. नय तो उधर बैठो!"

वाईत आप्पांना आंघोळ करून ये म्हणणारा माणूस जन्माला यायचा होता. संपलं, आता ट्रंक आणि स्टेशन.

आप्पांनी पुढे टेकलेली काठी मागे घेतली.

"बरोबर आहे याचं," ते म्हणाले आणि मागे फिरले.

मालक श्यामसुंदरच्या कानाशी लागला. "मलापण आत घेत नाय हो. त्याचा सख्खा जावई आला, त्यालापण नाय घेतला. डोकाच तसा हाय." श्यामसुंदरने हे आप्पांना सांगितलं नाही.

आप्पा खुर्चीवर मांडी घालून बसले. पाणी फिरवलं, चित्राहुती टेबलावरच घातल्या. पहिला भात गेला. दुसरा आला, वर सांबार. त्यात कांदा होता. चांगल्या मोठ्या फोडी. श्यामसुंदरला त्या दिसल्या तोवर आप्पांनी घास तोंडात घातलेला.

आप्पा थांबले. मग हळूहळू चावायला लागले.

मुंज झाल्यापासून या माणसाने कांदा तोंडात घातला नव्हता. घरात आणूही दिला नव्हता.

"हे गोडसर काय लागतंय रे?"

श्यामसुंदरला थाप मारता आली असती. लाल भोपळा म्हटलं असतं तर पचून गेलं असतं. पण दिसत नसलेल्या माणसाला कसं फसवायचं? जीभ रेटेना.

"कांदा आहे, आप्पा," तो म्हणाला. "उठायचं का?"

आप्पांनी घास गिळला. पाणी प्यायले. बाजूच्या टेबलावर कोणीतरी बशीतून चहा ओढत होतं.

"ऑपरेशन किती वाजता आहे?"

"मंगळवारी सकाळी आठला."

"म्हणजे आजची रात्र आणि उद्याचा दिवस." आप्पांनी चाचपडत ताट पुढे सरकवलं. "भात वाढ म्हणावं त्याला. आणि उत्तराला पत्र लिहिशील तेव्हा केळ्यांचं लिही, याचं नको."

श्यामसुंदरने वाढप्याला हाक मारली.

"आणि ते सांबारही," आप्पा म्हणाले.