मुराळ्याची जावा

“हलू नको म्हणलं ना! श्वास धर!”

“श्वास धरून इथंच मरू का काय?” मी म्हणाले.

भर दुपारी, आमच्या परभणीच्या घराच्या अंगणात, लिंबाजी न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या खुर्चीत मी बसले होते. मांडीवर ज्वारीची पिशवी. खुर्ची लोखंडी सांगाड्यावर नटबोल्टांनी आवळलेली, सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला स्कूटरचं एक चाक, आणि आतल्या अंगाला जोडलेली जुनी जावा मोटारसायकल. आमचे हे, म्हणजे वीरभद्रअप्पा, पन्नाशी उलटलेला माणूस, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, जमिनीला गाल लावून पालथे पडले होते. माझ्या वजनानं स्प्रिंग किती दबते ते बघत होते.

“आजून एक पिशवी ठिवू का?” खालून आवाज आला.

सांगाडा जोडून देणारा महेबूबभाई वेल्डर हसायला लागला. “अप्पा, भाभी को बोरा समझे क्या?”

“आरं, अक्का हिच्यापेक्षा भारी हाय. जवारीचं पोतं एकटी उचलून गाडीत टाकायची. तिला पेललं पायजे.”

महेबूबभाईसमोर माझ्या वजनाची अशी चर्चा! दुसरी कुणी असती तर उठून घरात गेली असती. मी पिशवी नीट धरून बसले, कारण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, पेलतं का ते.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मल्लम्मा. पेडगावला दिलेली. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना न्हाऊमाखू घालून अक्कानंच वाढवलं. मी लग्न होऊन आले त्या साली अक्का पंचमीला माहेरी आली आणि माझी पळता भुई थोडी झाली. उंच, धिप्पाड बाई. दारातून आत आली की घरात उजेड कमी व्हायचा. माझी भाकरी उलटसुलट करून म्हणायची, “उमे, ही भाकर हाय का परभणीचा नकाशा?” मी मोरीत जाऊन रडायचे. पण रात्री माझ्या डोक्याला तेल घालायलाही तीच बसायची, आणि बोटं अशी चालवायची की सगळा राग उतरून जायचा.

दोन वर्षांमागं अक्का खळ्यात पडली. पाय मांडीत मोडला आणि जुळला तो ताठच. गुडघा वाकेना. एसटीची पायरी चढता येईना, रिक्षात पाय मावेना, बैलगाडीचे दणके सोसवेनात.

आता आमच्याकडं पंचमीला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही की बाई दाराकडं बघत बसते, मग ती विशीतली असो नाहीतर साठीची. मागच्या पंचमीला हे पेडगावला नुसते भेटायला गेले, तर अक्का पाठ फिरवून बसली. “भेटायला कामून आलास? न्यायला येशील तवाच ये,” म्हणाली. हे तसेच परत आले. मी म्हटलं, भाड्याची जीप करा की. तर मलाच खेकसले, “मुराळी भाड्यानं येत नसतो!” वर्षभर पेडगावला गेले नाहीत. भाऊ आणि बहीण, दोघंही एका मापाचे हट्टी.

आणि मग ही जावा घरात आली.

हे कृषी विद्यापीठात बियाण्याच्या गोदामावर कारकून. जन्म सगळा पोती काट्यावर चढवण्यात आणि उतरवण्यात गेलेला. स्क्रू आवळायचा का ढिला करायचा हेसुद्धा दोनदा फिरवून बघणारा माणूस. त्यानं कुठल्याशा लिलावातून ही गाडी हातगाड्यावर टाकून आणली, तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरीण बाळंत झालेली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, हे काय आणलंत?”

“अक्काची गाडी हाय,” हे म्हणाले.

“हिला आधी तुमीच ढकलत नेणार पेडगावला!”

पण बाई, त्या गाडीनं मला कसं ओढून घेतलं ते माझं मलाच कळलं नाही. टाकीत गंज होता. रॉकेल आणि मूठभर खडी आत घालून आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि झोळीतल्या लेकराला हलवावं तशी टाकी हलवायचो. संध्याकाळ गेली की तांबडं पाणी निघायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी तांबडं. सायलेन्सर तर ह्यांनी माझ्या चुलीत घातला. आतली काजळी जळावी लागते म्हणे. धुराचा असा वास सुटला की शेजारची चतुराबाई नाकाला पदर लावून विचारायला आली, “उमाबाई, काय जाळायलाव गं मसनात जाळल्यावानी?”

“सायलेन्सर भाजायलोय,” मी म्हणाले. “खातीस का?”

इंजिन जोडून झालं तरी गाडी चालू होईना. कार्ब्युरेटरमधल्या बारक्या पितळी तुकड्याचं भोक बुजलेलं. ह्यांनी त्यात फुंकर मारली, तार घातली, शेवटी गाडीला शिव्या घातल्या. मी उठले, स्टोची पिन आणली आणि बर्नरचं भोक मोकळं करतात तसं ते केलं. उजेडात धरलं तर पलीकडचं आभाळ दिसलं! ह्यांनी तो तुकडा बसवला, किक मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अशी काही फटफट उठली की अंगण निळ्या धुरानं भरलं, चतुराबाईच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. मी लाजलज्जा सोडून टाळ्या वाजवल्या. हे नुसते ओरडत होते, “उमा! उमा! उमा!” लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या मोठ्यांदा माझं नाव ह्यांनी कधी घेतलं नव्हतं.

मग खुर्ची. अक्काचा ताठ पाय आडवा राहिला पाहिजे, मानेला टेकू पाहिजे. हे डोकं भादरायला लिंबाजीकडं गेले आणि अर्धं डोकं तसंच ठेवून पळत घरी आले. “सापडली! खुर्ची सापडली!” न्हाव्याच्या खुर्चीला पाय टेकवायची फळी असते, मानेला उशी असते. लिंबाजीनं कोपऱ्यात टाकलेली जुनी खुर्ची देऊन टाकली. “अप्पा, माज्या खुर्चीवर बसून कुनी माहेरी गेलं न्हाई आजपस्तोर,” म्हणाला. उरलेलं डोकं त्यानं आमच्या अंगणात येऊन भादरलं.

अशी डाव्या अंगाला खुर्ची जोडलेल्या गाडीचं तंत्र काही वेगळंच असतं. जोर दिला की गाडी डावीकडं ओढते, ब्रेक लावला की उजवीकडं. आणि डावं वळण घेताना खुर्चीत वजन नसलं, की खुर्चीकडचं चाक सरळ हवेत उठतं. म्हणून रोज संध्याकाळी वजन म्हणून मी. मांडीवर ती पिशवी, कारण अक्का भारी. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून शिवाचं नाव घेत बसले. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, “पळवा की जरा, बैल हाकायलाव का?” स्टँडच्या भिंतीवरच्या नामांतराच्या घोषणा वाचत उभी असलेली माणसं आमच्याकडं वळून बघायला लागली. पोरं मागं धावायची, “दाढी करायला चालल्या, दाढी करायला चालल्या!” मी हात हलवायचे. माझं वय, माझं लुगडं, माझा संसार, सगळं विसरून मी हसत सुटायचे.

पंचमीच्या आदल्या दिवशी हेडलाइटला भस्म लावलं, नारळ फोडला आणि निघालो. ठरलं असं होतं, की जाताना वजन म्हणून मी, येताना अक्का खुर्चीत आणि मी एसटीनं. ह्यांनी इस्त्रीचं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, असा मुराळ्याचा थाट केला होता. वाटेत दोन्हीकडं ज्वारी हिरवीगार. फटफट, फटफट. हे मोठ्यांदा बोलत होते, “अक्का बघंल आन् आधी शिव्या घालंल बघ!” वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी मी हो हो म्हणत होते.

पेडगावात शिरलो तर सगळी गल्ली गोळा झाली. अक्काचा लेक मन्मथअप्पा बाहेर आला, हात जोडून “शरणार्थ मामा,” म्हणाला आणि गाडीकडं बघतच राहिला. मग तो आणि त्याची बायको आत गेले आणि अक्काला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले.

मी पटकन खाली बघितलं. ती अक्का नव्हतीच. लुगडं होतं, कपाळभर भस्म होतं, आत कोण होतं कोण जाणे. मनगटावरच्या पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मागं निरोपात मन्मथअप्पा म्हणाला होता, आई जरा वाळल्याय. जरा!

अक्कानं जवळ येऊन आधी खुर्चीवरून हात फिरवला, मग गाडीच्या टाकीवरून.

“कुनी केलं रं हे?”

“मी केलं. आन् उमानं.”

“न्यायला आलास?”

“न्यायला आलो, अक्का.”

“मग उभा कामून हाईस बैलावानी? बसीव मला.”

आवाज मात्र तोच होता, अगदी तोच! गल्ली हसली, मी डोळे पुसले. अक्का खुर्चीत बसली, पाय फळीवर आडवा ठेवला. बायकांनी ओटी भरली. ह्यांनी किक मारली. मी माझी कपड्यांची पिशवी घेऊन एसटीकडं निघणार, तेवढ्यात गावाच्या तोंडाशी डाव्या वळणावर खुर्चीचं चाक जमिनीवरून उठलं. बायका किंचाळल्या. ह्यांनी गाडी कशीबशी सावरली.

मी धावत गेले. हे पाना घेऊन खाली बसले होते. “नट ढिला झाला आसंल,” म्हणाले. नट घट्ट होता. “मग स्प्रिंगच बसली आसंल.” स्प्रिंग दाबून बघितली. परत नट बघितला. तोच नट, परत परत. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, तो पुसतही नव्हते. मला कळत होतं, ह्यांनाही कळत होतं. आयुष्यभर पोती तोलली, पण बहिणीचं वजन मात्र ह्यांनी जुन्या आठवणीवर धरलं होतं.

“वीरू,” अक्का म्हणाली. “सोड ते. गाडीला काय झालं न्हाई. मीच हलकी झाले.”

हे उठले नाहीत. परत त्याच नटाला पाना लावला.

मन्मथअप्पा म्हणाला, “मामा, चार दगडं आनतो, खुर्चीखाली बांधू.”

“दगडं?” अक्का कडाडली. “माज्या भावानं मुराळी होऊन गाडी आनली आन् मी दगडासंगं माहेरी जाऊ? उमे, इकडं ये. तू बस हितं.”

“आन् तुमी, अक्का?”

“मी तुज्या मांडीवर बसते. लई दिस तू मला भेलीस, आता सोस थोडं.”

मी खुर्चीत बसले. मन्मथअप्पानं तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, मी दोन्ही हातांनी कवळा घातला. ज्वारीची पिशवी जास्त भरत होती, शपथ. तिची पाठ माझ्या छातीला लागली, मणके एकेक कळत होते. मला मोठ्यांदा रडावंसं वाटलं. पण अक्का मानेनं इकडं-तिकडं बघत होती आणि तिचं सगळं अंग उत्साहानं थरथरत होतं.

गाडी निघाली. डावं वळण आलं, चाक जमिनीवरच राहिलं. डांबरी लागली तसं अक्कानं हात पुढं करून ह्यांच्या खांद्यावर चापट मारली. “पळीव रं! का पेट्रोल वाचवायलास?”

ह्यांनी पळवली, आणि काय पळवली! अक्काचा पदर माझ्या तोंडावर, ओटीतले तांदूळ वाऱ्यावर. ती हसत होती, मी हसत होते, पुढं हे हसत होते का रडत होते ते पाठीवरून कळत नव्हतं. परभणीत शिरताना तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या मांडीवर ताठ बसली. चौकात एकानं विचारलं, “आजी, हे काय वो?”

“भाऊ हाय माजा,” अक्का म्हणाली. “मुराळी आलाय.”

दारात चतुराबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. महेबूबभाई आणि लिंबाजीही होते, बाह्या कोपरावर सरसावून. अक्का भारी बाई, एकट्यानं उतरवणं जमणार नाही, म्हणून ह्यांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं. दोघं पुढं आले.

“राहू द्या,” हे म्हणाले.

त्यांनी वाकून माझ्या मांडीवरून अक्काला उचललं, ताठ पाय चौकटीला लागू नये म्हणून जरा तिरपे झाले, आणि एकटेच तिला घेऊन आत गेले. आतून अक्काचा आवाज आला, “चूल कुटं हलीवली रं हिनं?” महेबूबभाई आणि लिंबाजी अंगणातच राहिले. मग दोघांनी आपापल्या बाह्या खाली केल्या.