वेन शुइगनच्या धुरीघरातली चाळण

मित्रांनो, मी एक जुनी, काळी पडलेली बांबूची चाळण आहे. वूयीच्या डोंगरातल्या तोंगमू गावी, वेन शुइगनच्या धुरीघरात माझे सारे आयुष्य गेले. मी जन्मापासून काळी नव्हते. गावच्या म्हाताऱ्या विणकराने हिवाळ्यात तोडलेल्या बांबूच्या पट्ट्या काढून मला विणले, तेव्हा माझा रंग सुक्या गवतासारखा होता. वीण त्याने मुद्दाम विरळ ठेवली होती. चहाचे पान खाली पडू नये, पण धूर वर यावा, इतकीच.

खाली भट्टीत पाइनचे वाळलेले ओंडके जळत. त्यांचा धूर विटांच्या फटींतून वर येई आणि रॅकवर मांडलेल्या आम्हा चाळणींवर पसरलेली पाने तो आठ-आठ तास पीत राहत. काम सोपे वाटते. पण पानात धूर मुरावा आणि त्याखालचा सुक्या लोंगन फळासारखा गोडवा मरू नये, हे साधायला नाक लागते. शुइगनला ते नाक होते. हंगामात तो लसूण खात नसे, साबण लावत नसे. माझी जागा जिन्याजवळ असल्यामुळे तो पहिली मलाच खाली काढी, माझ्यात तोंड घालून एक श्वास घेई आणि "अजून" किंवा "झाला" एवढेच म्हणे. त्याची लेक युएलान त्याच्या शेजारी उभी राहून शिकली.

"तुझ्या बापाला दोरीवर वाळत घातला ना, तर गिऱ्हाइकं त्यालाही उकळून पितील," त्याची बायको लेकीला म्हणे.

"आणि वर म्हणतील, जरा कडवट आहे," शुइगन म्हणे.

तेव्हा सगळे हसत. हसता हसता त्याला खोकला येई. पुढे पुढे तो न हसताही येऊ लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी धुरात पाऊल टाकायचे नाही असे बजावले. शुइगनने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली.

मग एका वसंतात त्याने नेहमीसारखे माझ्यात तोंड घातले. त्याने मान वर केली, शेजारी उभ्या असलेल्या युएलानच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग म्हणाला, "अजून."

पुढच्या वेळीही तसेच झाले. मला कळून चुकले, याचे नाक गेले आहे. आता हा लेकीच्या चेहऱ्यावर वास वाचतो. युएलानलाही ते कळले असावे, कारण तिचे हात माझ्या काठावर क्षणभर थांबले. पण ती बोलली नाही. त्या माणसाकडे नाकाशिवाय दुसरे काय होते?

दोन वर्षे असेच चालले. मग एकदा ती आईला घेऊन बाजाराला गेली होती. वाचायला चेहरा नव्हता, म्हणून शुइगनने पाने धुरातच राहू दिली, आणि तोही आत राहिला. त्या चहाला डांबरासारखा वास आला. गोडवा पार मेला. नेमका त्याच दिवशी शहरातला व्यापारी कोंग आला.

"वा, शुइगनदादा! याला म्हणतात धूर! गल्लीच्या टोकाला कळलं पाहिजे, कुणी चहा केलाय ते. यंदाचा सगळा माल असाच हवा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे कौतुक ते हेच. शुइगनने शब्द दिला. म्हणजे दुप्पट लाकडे, दुप्पट धूर आणि त्या छातीला दुप्पट तास.

युएलान अजूनही त्याला काही म्हणाली नाही. तिने वेगळीच वाट धरली. पाने अर्धीही तयार व्हायच्या आतच ती समाधानाचा चेहरा करू लागली, म्हणजे बाप लवकर बाहेर येईल. दोन दिवस ते चालले. तिसऱ्या दिवशी "झाला" म्हणता म्हणता शुइगनने माझ्यातले एक पान उचलले आणि दुमडले. तयार पान कडकन मोडते; ते मोडले नाही.

"पान अजून वाकतंय," तो म्हणाला. "आणि तुझं तोंड म्हणतंय झालं. बापाला फसवतेस?"

"बाबा, तुम्हाला वास येत नाही."

"दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून नाक परत येतं? तुला माहीत होतं ना? तू तरी कुठे बोललीस?"

तिने मला त्याच्यासमोरून उचलले. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. आत मी जाते."

"खबरदार! तुझं नाक चांगलं आहे अजून. इथे जाळू देणार नाही." त्याने मला तिच्या हातून घेतले, परत रॅकवर चढवले आणि आतून कडी लावली. ती दारावर थापा मारत राहिली. तिला आतला खोकला ऐकू येत होता, तोवर थापांवर भागले. मग खोकला थांबला आणि दार तोडावे लागले.

तो तेव्हा गेला नाही. पावसाळाभर अंथरुणाला खिळून होता. पाने गळू लागली तेव्हा गेला.

आता इथली भट्टी थंड आहे. युएलान बिनधुराचा चहा करते, लोकांनाही तोच आवडू लागला आहे. कोंगने मला दुकानाच्या भिंतीवर टांगायला मागितले. "काय झकास काळी झालीय!" म्हणाला. युएलानने त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने पाठवले.

शेजारचे लाई काका अजून धुरात काम करतात. हल्ली तेही खोकतात. परवा युएलान त्यांच्या धुरीघरात शिरली आणि हाताला धरून त्यांना बाहेर ओढू लागली.

"अगं बये, सोड! बाप गेला म्हणून डोकं फिरलं काय तुझं?"

"फिरलंय, काका. चला डॉक्टरकडे."

त्यांनी सगळ्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. तिने हात सोडला नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. बांबू पुष्कळ उगवतो. पण तुमच्या घरात कुणी कामापायी झिजत असेल आणि ते तुमच्या ध्यानात आले असेल, तर त्याच दिवशी तोंडावर बोला. त्याला राग येईल. येऊ द्या.