नासका दगड

रईसा चुनेवाल्यांच्या घरात सून होऊन आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूने तिच्या हातात हातोडी दिली. दगड फोडायचा, फुटलेली बाजू नाकाशी धरायची आणि सांगायचं. कोऱ्या मडक्यासारखा वास आला तर दगड उजवीकडे, भट्टीत जायला. सडक्या अंड्याचा आला तर डावीकडे, बाभळीखालच्या ढिगावर. हे काम घरातल्या बायकांचं. पुरुष बिड्या ओढतात, तंबाखू मळतात, त्यांच्या नाकात काय राहिलंय, असं सासू म्हणायची. नासका दगड भट्टीत गेला की त्याचा धूर छातीत धरतो. सासूचा एक दीर तशा धुराने सहा महिने अंथरुणाला खिळला होता, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा मन्याडच्या काठाला चुन्याच्या चार भट्ट्या होत्या. दसरा-दिवाळीच्या तोंडावर कंधारपासून अहमदपूरपर्यंतच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या, बायका पदराने नाक झाकून गरम ढेपा मोजून घ्यायच्या. गाड्या गेल्या, भिंतींना डब्यातला रंग आला, तीन भट्ट्या ढासळल्या. चौथी रईसाचा नवरा जहांगीर आणि मुलगा मुनीब चालवत होते. पानाच्या चुन्याला अजून गिऱ्हाईक होतं. आणि पन्नास वर्षं रईसाच्या नाकाखालून गेल्याशिवाय एक दगड त्या भट्टीत पडला नव्हता. बाभळीखालचा ढीग पुरुषभर उंच झाला होता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती बारा दिवस तापाने पडली. उठली, पण वास परत आला नाही. आज येईल, उद्या येईल करत तिने दोन वर्षं काढली. अत्तराची कुपी, कांदा, रॉकेल, सगळं लपूनछपून हुंगून पाहिलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. गुडघे गेले तेव्हा पाणी सुनेकडे गेलं, नजर अधू झाली तेव्हा चूल सुनेकडे गेली. राहता राहिलं होतं ते नाक. तेही गेलं म्हटल्यावर भिंतीला टेकून बसायचं आणि पुढ्यात येईल ते खायचं, एवढंच उरलं असतं. म्हणून ती दगड डोळ्यांनी निवडू लागली. नासक्या दगडात राळेसारखे तपकिरी, चकचकीत दाणे असतात. ते दिसले की डावीकडे. दोन वर्षं निभावलं.

मग उन्हाळ्यात सरकारी जीपमधून तनुजा मॅडम आल्या. दगडांचा अभ्यास करणाऱ्या. बाभळीखालचा ढीग बघून त्या तिथंच उकिडव्या बसल्या आणि भिंग लावून दाणे बघत राहिल्या.

"आजी, हा ढीग कुणी निवडला?"

"आमच्या घरच्या बायकांनी. नासका दगड हाय त्यो."

"यात जस्त आहे. गंधकाशी बांधलेलं."

"म्हंजी खाण निघती का काय?" जहांगीरने हसत विचारलं. "मुनीब, ट्रॅक्टर सांग रे."

मॅडमही हसल्या. "नाही हो चाचा. मूठभर आहे. कागदावर नोंद करण्यापुरतं." त्यांनी एक दगड फोडून हुंगला, नाक मुरडलं आणि तुकडा रईसापुढे धरला. "केवढा वास आहे ना?"

रईसाने तुकडा नाकाशी नेला. काहीच नव्हतं. पाणी हुंगावं तसं. "हाव, लई घाण," ती म्हणाली. वर बघितलं तर सून जेबा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.

जाताना मॅडमनी खदानीच्या तळाशी बोट केलं. "खालच्या थरात हे दाणे फार बारीक होत जातात, डोळ्यांना दिसायचे नाहीत. तो दगड भट्टीत घालू नका."

"आमी बघून न्हाई घालत, हुंगून घालतो," जहांगीर म्हणाला. "आमच्या घरात हिचं नाक हाय."

त्या बोलण्यावर रईसाला गप्प बसायचं नव्हतं. पण नवरा चारचौघांत कौतुक कधी करायचा नाही, आज पहिल्यांदा केलं होतं. ती गप्प बसली.

दसऱ्याच्या भट्टीला वरचा थर संपला होता. मुनीबने तळाचा दगड काढला. करडा, गुळगुळीत, दिसायला देखणा. रईसाने दोन दिवस फोडला. चष्मा लावून, उन्हाकडे धरून बघितला. एक दाणा दिसला नाही. सगळा दगड उजवीकडे गेला. बाभळीकडे एकही नाही.

"हुंगलंस का समदा?" जहांगीरने विचारलं.

"हुंगला."

"यंदा एक बी नासका न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना. किती बार विचारता?"

भट्टी पेटवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तोंड बघायला जहांगीर नेहमीसारखा वर चढला आणि वाकला. धूर त्याच्या तोंडावर आला. मुनीबने त्याला खाली ओढलं तेव्हा तो माशासारखा तोंड उघडत होता. दम्याचा माणूस. दवाखान्याकडे निघालेली भाड्याची जीप कंधारच्या अलीकडच्या पुलावर होती तेव्हा त्याचा हात रईसाच्या हातातून सुटला.

लोक मातीला आले, भेटून गेले. दमाच होता, म्हणाले. बिड्या का कमी ओढल्या त्याने, म्हणाले. रईसा ऐकत राहिली.

नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत ती घरात बसली. जहांगीरच्या अंगातला त्या दिवशीचा कुडता तिने धुवायला टाकला नव्हता, उशीखाली ठेवला होता. रोज एकदा तो तोंडाशी धरायची. त्यात तिला नवरा सापडत नव्हता आणि धूरही सापडत नव्हता.

इद्दतीचे पंधरा दिवस झाले आणि दिवाळीची भट्टी आली. ऑर्डर घेतलेली होती. मुनीब म्हणाला, "अम्माला भाईर येता येत न्हाई, तर दगड आत आणतो. काम थांबाया नको." आणि पहिली टोपली जेबाने आणून सासूपुढे ठेवली. त्याच तळाचा दगड. शेजारी हातोडी.

यावेळी भट्टीवर कोण वाकणार, हे रईसाला कुणी सांगायची गरज नव्हती. मुनीबशिवाय दुसरा पुरुष घरात नव्हता.

तिने हातोडी उचलली, परत खाली ठेवली. "जेबा, बस हितं. मला वास येत न्हाई. बीमारीपासून येत न्हाई."

जेबा बसली. 

"मला ठाव हाय, अम्मा."

"कवापास्नं?"

"पारसाल दूध करपलं. तुमी चुलीपाशी बसून तसबीहचे मणी फिरवत व्हता, घर धुरानं भरलं तरी. आन मग त्या मॅडमच्या टायमाला."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू?" जेबा म्हणाली. "सासूच्या हातातली हातोडी मागू? लोक म्हणले असते, बुढीला कोपऱ्यात बसवाया निघाली. म्हणलं, तुमी डोळ्यांनी निवडून राहिल्या, चाललंय तर चालू द्या. दसऱ्याच्या टायमाला म्हणलं, उजवीकडल्यातला एक फोडून हुंगावा. टोपलीपर्यंत गेले. परत आले."

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. रईसाने हातोडी सुनेकडे सरकवली. जेबाने दगड फोडला, फुटलेली बाजू नाकाशी धरली आणि झटक्याने मान फिरवली.

"कसा हाय?"

"सडका." तिने दुसरा फोडला. "ह्यो बी."

रईसाने उशीखालचा कुडता काढून तिच्या हातात दिला. "आन ह्यो?"

जेबाने तो हुंगला. काड्यापेटीची काडी विझवावी तसा उग्र वास कापडात अजून होता. तिने कुडत्याची घडी घातली आणि सासूच्या मांडीवर ठेवली. रईसाला तेवढ्यावरून कळलं.

"त्यांना सांगू नका," जेबा हळूच म्हणाली. "दगड मी डावीकडं टाकते. समदा टाकते. म्हणू, खालचा थर नासका निघाला. बापाचं त्यांना सहन न्हाई व्हायचं."

रईसाने टोपलीकडे बघितलं. असंच निभावता आलं असतं. दोन वर्षं आलंच होतं. पण थर नासका निघाला एवढ्यावर मुनीब थांबला नसता; बाप कशाने गेला ते कळल्याशिवाय तो तळाचा दगड काढतच राहिला असता. आणि जेबाला एक दिवस सर्दी झाली तर?

बाहेर दुसरी टोपली आपटल्याचा आवाज आला. दारात मुनीब उभा राहिला, चुन्याने पांढरा, अगदी बापासारखा कमरेवर हात ठेवून.

"अम्मा, हुंगलंस का समदा?"

जेबाने सासूचा हात दाबला. रईसाने तो सोडवून घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "दसऱ्याचा बी हुंगला नव्हता. आत ये. दार लाव."